कोरसने उचललेली ओळ

प्रिय गणपत,

आधी रोखलेला श्वास सोड. तुझी सुनेत्रा गायली. आता बाकीचं निवांत वाच.

लोअर परळच्या ज्या गिरणीत तुझा बाप साचे चालवायचा, तिथे आता हॉल झालाय. साउंड माझाच. लाउडस्पीकरच्या एका भोंग्यावर धंदा सुरू केलेल्या या सीतारामला तिथली पोरं 'सर' म्हणतात, म्हणून ऐटीत मिक्सरवर बसलो होतो. पण नजर सारखी विंगेकडे. गळ्यातली गाठ काढल्यापासून पोर माणसांसमोर गायली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, आवाज परत येईल. कसा, ते सांगता येत नाही.

भजनाच्या डबलबारीत तू बुवा असायचास आणि तुझ्यामागे बसून ती झांज वाजवायची, तेव्हाच मी म्हटलं होतं, ही पोर सूर लावत नाही, उपसते. पुढे कुलाब्याच्या हॉटेलांत सोल म्हणतात ती इंग्रजी गाणी गायला लागली, तर तू तिच्याशी धड बोलेनास. मला त्यातलं इंग्रजी कळायचं नाही, पण टाहो ओळखीचा होता. तुझ्या गजरातलाच. रेकॉर्ड निघाली, परदेशचे दौरे झाले, तेव्हा नायगावच्या चाळीत पेढे वाटत फिरलास तो तूच.

तर रविवारी पहिली गाणी तिने खालच्या पट्टीत, जपून काढली. मग एका ओळीला वर गेली आणि आवाज तुटला. वाद्यं चालू, बाई गप्प. मी बटणावर बोट ठेवून बसलो. वाढवणार काय, कपाळ? तेवढ्यात मागून आपल्या चाळीतली जाईबाई ओरडली, "बुवा थांबली रे, उचला!" आपल्या लोकांना वाटलं, भजनासारखी ओळ कोरसवर सोडून ही दम घेतेय. शब्द कुणाला येतायत? नुसती चाल उचलली, टाळ्यांच्या ठेक्यावर. पुढची भारी कपड्यांतली मंडळीही त्यांच्यात सामील झाली; त्यांना तो गाण्याचाच भाग वाटला. सुनेत्रा बघत राहिली, हसली, आणि समेवर तीच ओळ पुन्हा घेतली. वर गेली. टिकली. मी माइक थोडा कमीच केला.

खाली उतरल्यावर घाम पुसत मला म्हणाली, "काका, बाबांना आता काहीच ऐकू येत नाही. नुसते माझे ओठ बघायला लागू नयेत म्हणून ते आले नाहीत. तुमचे कान तिखट. ऐकलंत तसं लिहा, गोड करून नको."

म्हणून हे पत्र. गोड करत नाही, गणपत. पहिला आवाज गेला. आता जाडसर आहे, कडेला खरखरतो, आणि खोलवरून येतो. डोळे मिटून ऐकला, तर थेट तुझा.

तुझाच,
सीताराम