सहा विषय, तीन वर्षं

७ जुलै, सोमवार

या घरात दुधावरचा माझा हक्क संपुष्टात आला आहे, याची नोंद व्हावी. कन्येने पहिल्या सत्राचे विषय रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून फ्रिजच्या दारावर डकवले आहेत. दार उघडलं की कॅल्क्युलस निसटतं आणि थेट माझ्या चपलेवर येतं. "बाबा, हळू उघडा ना!" फ्रिज हळू कसा उघडावा हे कोणत्या शास्त्रात सांगितलंय? शेवटी चहा कोराच प्यायलो.

तिला संगणकशास्त्राला प्रवेश मिळालाय, आणि विषय आपले आपण निवडायचे आहेत. आमच्या पाठशाळेत ही भानगड नव्हती. गुरुजी सांगतील ते पाठ करायचं. का, ते पुढे कधीतरी कळायचं — ज्याला कळलं त्याला.

८ जुलै, मंगळवार

बाकीची मुलं चार विषय घेतात. कन्येला सहा हवेत. कॉलेजच्या सल्लागार बाईंनी फोनवर समजावलं म्हणे, की पहिल्या सत्रात चार घेऊनसुद्धा मुलं रडतात. कन्या म्हणाली, रडायचं मी आधीच उरकलंय. बाईंनी परवानगी दिली.

सहा घेतले, सुट्टीतही दोन उरकले, की चार वर्षांची पदवी तीन वर्षांत होते. तीनच वर्षांत का, हे घरात कुणी विचारत नाही. मार्चमध्ये हिचा, म्हणजे कन्येच्या आईचा, आजार कळला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "औषधं मानवली तर तीनेक वर्षं." कन्या माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. पदवीचा झगा घालून आईबरोबर फोटो काढायचाय तिला. तेवढ्यासाठी ही सगळी धावाधाव.

९ जुलै

छापखान्याकडून आलेली मुद्रितं तपासली, चुका काढल्या. ही दुपारी झोपली, उठली, पुन्हा झोपली.

१० जुलै, गुरुवार

संध्याकाळी ही फ्रिजसमोर उभी राहून एकेक चिठ्ठी वाचत होती. हिने चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवायचं काम केलेलं — काहीही बघायचं तर डोळा बारीक करून, उजेडाकडे तिरकं धरून. मग कन्येला विचारलं, "यातलं मजेचं कुठलं?" कन्या म्हणाली, मजा पुढच्या सत्रात. हिने माझ्याकडे पाहिलं — म्हणजे आता तुम्ही बोला. मी काय बोललो? डिस्क्रीट मॅथ्सला कोशात 'विविक्त गणित' म्हटलंय आणि विविक्त म्हणजे एकांत, तेव्हा हा विषय संन्याशांनी घ्यावा. कुणी हसलं नाही.

त्यात हॉस्पिटलचा फोन. हिचा स्कॅन उद्या सकाळीच, आणि कन्येची विषय नोंदवायची पाळीही तेव्हाच. हिच्याबरोबर मी जातो म्हटलं. ही म्हणाली, "तुम्ही नको. तुम्ही डॉक्टरांना कोट्या ऐकवता, मग ते खरं सांगायचं टाळतात." ठरलं. कन्या हिच्याबरोबर, मी लॅपटॉपबरोबर.

कन्येने माझ्याकडून तालीम करून घेतली. "बाबा, प्रोग्रॅमिंग सगळ्यात आधी. ते चटकन भरतं. बाकीचे निवांत." ते आत्ता हुकलं तर त्याच्यावर अवलंबून असलेला पुढचा विषय हुकतो. तो वर्षातून एकदाच शिकवतात. म्हणजे सबंध वर्ष गेलं.

ऐकलं. नीट ऐकलं होतं मी!

११ जुलै, शुक्रवार

सारवासारव न करता लिहितो.

नोंदणी सुरू झाली. प्रोग्रॅमिंग उघडलं. बटणाच्या वर विषयाची माहिती होती. ती वाचली. छापलेलं दिसलं की वाचायचं, त्यावरच पोट भरतं माझं. पहिल्याच वाक्याला क्रियापद नाही! पुढे एक अख्खं वाक्य दोनदा आलेलं. कॉलेजला कळवायला हवं. पेन्सिल शोधली. हो, पेन्सिल. दोन्ही चुका टिपून घेतल्या, टोक मोडलं, ते केलं. मग बटण दाबलं. लाल अक्षरांत उत्तर — जागा शिल्लक नाही, प्रतीक्षा यादीत अकरावा क्रमांक.

उरलेले पाच विषय मिळाले. त्यांची माहिती मी वाचली नाही.

दुपारी दोघी आल्या. सांगितलं. कन्येने फ्रिजवरून प्रोग्रॅमिंगची चिठ्ठी काढली, घडी करून खिशात घातली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "म्हणजे चार वर्षं," एवढंच म्हणाली.

ही सोफ्यावर आडवी होती. "केलीत ना पंचाईत? आता मला चार वर्षं थांबणं आलं." आणि हसत सुटली, ठसका लागेपर्यंत. पाणी द्यायला दोघंही उठलो, स्वयंपाकघराच्या दारात एकमेकांना धडकलो.

१४ जुलै, सोमवार

सल्लागार बाईंना फोन केला. म्हटलं, अपराध बापाचा, दंड मुलीला, हा कुठला न्याय? बाई वैतागल्या नाहीत. म्हणाल्या, आज सकाळपासून तुम्ही असे चौथे बाप. थांबा, म्हणाल्या, हौसेने विषय घेतलेली मुलं घाबरून ते सोडतात, तेव्हा यादी सरकते.

थोडक्यात, कुणाच्या तरी मुलाला धडकी भरावी म्हणून मी आता आशा करायची.

१७ जुलै

सहावा क्रमांक. कन्या सारखी बघते. ती अंघोळीला गेली की मी बघतो.

१८ जुलै

चौथा! हिला सांगितलं. "शाब्बास," ही म्हणाली, जणू मीच चढत होतो.

२१ जुलै, सोमवार

स्कॅनचा निकाल. तिघंही गेलो होतो. कोटी केली नाही.

डॉक्टर या खेपेला वर्षांबद्दल बोललेच नाहीत. ही म्हणाली, "सरळ सांगा." ते म्हणाले, "आता महिन्यांचा विचार करू या."

परतताना गाडीत हिने खिडकीची काच खाली केली. वारा कन्येच्या डोळ्यांत जात होता. काच वर कर असं ती म्हणाली नाही.

२२ जुलै

काही लिहिण्यासारखं नाही.

२४ जुलै, गुरुवार

सकाळी निरोप आला. प्रोग्रॅमिंगची जागा मिळाली, उद्यापर्यंत होकार कळवा. मी लॅपटॉप उचलून धावतच तिच्या खोलीत गेलो. तिने वाचलं आणि जागा सोडून दिली. माझ्या डोळ्यांदेखत! मग मिळालेल्या पाचांतलेही तीन सोडले. सकाळचे दोन ठेवले. "दुपारी मी घरी असेन, बाबा. आता घाई कशाची?"

म्हणजे माझ्या चुकीने काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं असतं तर किती बरं होतं.

२५ जुलै

ही जाणार, हे कालपासून मी स्वतःशी म्हणू शकतो. भीती वाटते ती त्यानंतरची. आजवर कन्येचं मला आणि माझं कन्येला जे काही कळलं, ते हिच्याकडून. आम्ही दोघंच उरलो की तिच्याशी काय बोलायचं, ते मला ठाऊक नाही.