गाव आधी, नंबर मागाहून

॥ श्री ॥

सांगली,
ता. २५ नोव्हेंबर १९४५

तीर्थस्वरूप सौ. शालूवहिनींस,

धाकटा दीर मानसिंग याचा शि. सा. न. वि. वि.

इकडील क्षेम लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहितो की मी क्षेम आहे. दादांचे खरे काय ते आज कळवतो. चार दिवस पत्र लिहून फाडत होतो.

दादा लढाईवरून परत आले आहेत. पुण्याच्या फौजी दवाखान्यातून सुटले ते वडूजला न जाता इथे माझ्याकडे, विष्णुपंतांच्या हळदीच्या अडतीमागच्या खोलीत येऊन राहिले आहेत. इटलीत सुरुंग फुटला, त्यात डावा डोळा गेला. उजव्याला उजेड आणि सावली एवढेच कळते, आणि यापुढेही तेवढेच कळेल, असे इथल्या डॉक्टरांनी सांगितले. बाकी अंगाने धडधाकट आहेत. काल अंगणात हळदीच्या पोत्याला अडखळले आणि पोत्यालाच शिव्या दिल्या, तेव्हा मला जरा बरे वाटले. दादा जुनेच आहेत.

पण घरी यायला तयार नाहीत. म्हणतात, ज्या वाटेने ताठ चालत गेलो, त्या वाटेने कुणाच्या हाताला धरून येणार नाही. शालूला भावांकडे माहेरी जाऊ दे, तिने माझ्यापायी जन्म घालवू नये. कुणी न्यायला आले तर मी उठून दुसऱ्या मुलखात जाईन, अशी त्यांनी मला शपथ घातली आहे. म्हणून तुम्ही किंवा आप्पांनी इकडे येऊ नये. मी काय करावे ते मला सुचत नाही. तुम्ही सांगाल तसे करीन.

आप्पांना दंडवत. पत्र मिळाल्याचे लगेच कळवा, नाहीतर ते मिळाले नाही असे समजून मी दुसरे लिहीन. माया असू द्या.

आपला आज्ञाधारक,
मानसिंग

॥ श्री ॥

वडूज,
ता. १ डिसेंबर १९४५

चि. मानसिंगभावजी यांस,

शालूचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. दुसरं लिवू नका. मामंजींना वाचून दावलं. ते उठून गोठ्यात जाऊन बसले. मग आत येऊन म्हनाले, पोरगा जित्ता हाय नव्हं, मग झालं. पन डोळं पुसत हुते.

आदी तुमाला रागावते. चार दिस पत्र फाडलंत, म्हंजे चार दिस आमी हितं उगंच देवाला कौल लावत बसलो. आसं पुन्हा करू नका.

मी माहेरी जानार न्हाई. हे त्यांना सांगा. पन भावजी, घोळ हाय तो हितंच. मी लिवनार, तुमी वाचून दावनार. मला जे त्यांना म्हनायचं हाय ते धाकट्या दिराच्या तोंडातनं कसं बाहेर पडंल? तुमी लाजून आडखळाल, ते हसतील, आन माझं सांगायचं राहूनच जाईल.

पैलं कसं सोपं हुतं. ते मोट चालवायचे. ऊन डोक्यावर आलं की बांधावरनं हाक द्यायचे. ती हाक ओढा ओलांडून घरापत्तुर यायची, आन मी भाकरीची दुरडी उचलून निघायची. तुमी तवा पाटी घेऊन ओट्यावर बसलेले असायचा. मला क ख ग तुमीच शिकवलात, त्येच्यावर आज हे पत्र चाललंय. आता तशीच हाक मला त्यांना द्यायची हाय. तुमच्या अडतीत टेलिफोन हाय, आसं तुमी मागं लिवलं हुतं. त्येच्यातनं माझी हाक सांगलीला जाईल का? कसं करायचं ते नीट लिवा. तुमचं नीट मला ठावं हाय, चार पानं झाली तरी वाचीन.

घरच्यांवर जीव हाय तसाच राहू द्या.

तुमची वहिनी,
शालू

॥ श्री ॥

सांगली,
ता. ६ डिसेंबर १९४५

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस,

मानसिंगचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. तुमचे अक्षर आता माझ्यापेक्षा वळणदार झाले आहे, फक्त वेलांट्यांकडे लक्ष असू द्या.

हाक जाईल. विष्णुपंतांना विचारले. ते म्हणाले, तुझ्या भावजयीचा फोन येणार असेल तर त्या दिवशी हळदीचा भाव थोडा वेळ थांबला तरी चालेल. दादांनाही सांगितले. म्हणाले, बोलू दे तिला एकदा. माझ्या कानांना काही झालेले नाही.

आता पद्धत लिहितो. दोनदा वाचावी.

वडूजला टेलिफोन नाही, म्हणून आप्पांबरोबर सर्व्हिस मोटारने साताऱ्याला मोठ्या पोस्टात जावे लागेल. तिथे खिडकीवर सांगायचे की ट्रंक कॉल करायचा आहे. मग आधी गावाचे नाव सांगायचे, सांगली, आणि मग नंबर, सदतीस. गाव आधी, नंबर मागाहून. हे विसरू नका. नुसते सदतीस म्हटले तर साताऱ्यातलाच सदतीस लागायचा. तो एखाद्या वकिलाचा असला तर तो फी मागेल. सांगली संस्थानात आहे म्हणून काळजी नको, तार सरकारचीच आहे. साताऱ्याचा बाबू सांगलीच्या बाबूला हाक मारतो, सांगलीचा बाबू आमच्या अडतीची घंटा वाजवतो. मधली गावे त्यांची ते बघतात.

कॉल दोन तऱ्हेचे असतात, नंबराचा आणि नावाचा. नंबराच्या कॉलात कुणीही फोन उचलला की वेळ सुरू होतो, आणि तीन मिनिटांत आटपावे लागते. दादांना मागच्या खोलीतून अंगण ओलांडून आणीपर्यंत तेवढा वेळ सहज निघून जाईल. म्हणून तुम्ही नावाचा कॉल सांगा. त्यात ज्या माणसाचे नाव दिले तो माणूस येऊन बोलू लागला, की मगच मिनिटे मोजतात. मी पुष्कळ विचार करून हेच ठरवले आहे.

फोनचा एक भाग कानाला लावायचा, दुसरा तोंडासमोर धरायचा. उलटा धरू नये. मी पहिल्या दिवशी धरला होता. डोक्यावरचा पदर कानावरून थोडा मागे घ्यावा लागेल, त्याला इलाज नाही. ओरडू नये. सांगलीपर्यंत आवाज आपण पोचवायचा नसतो, तो तार पोचवते.

गुरुवारी तेरा तारखेला दादा तयार राहतील. काही राहून गेले असे वाटते, पण काय ते आठवत नाही. आठवले तर लगेच कार्ड टाकतो.

मायेची सावली असू द्या.

आपला,
मानसिंग

॥ श्री ॥

सांगली,
ता. १४ डिसेंबर १९४५

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस,

शि. सा. न. वि. वि.

वहिनी, काय झाले? मोटार बंद पडली काय? आप्पांची तब्येत बरी आहे ना?

काल दादांनी सकाळीच न्हाव्याला बोलावून दाढी केली. लष्करी कोट घालून, फेटा बांधून अडतीत फोनशेजारी येऊन बसले. अंगण ओलांडायला नको म्हणाले. घंटा वाजली की हात पुढे जायचा, आणि दर वेळी हळदीवाल्याचा फोन निघायचा. दिवेलागणीला उठले. म्हणाले, ती खिडकीपर्यंत आली असेल आणि तिथे तिला उमगले असेल. शहाणी आहे. पलटणीतला दोस्त नाशिककडे बोलावतो आहे, महिनाअखेरीस मी तिकडे जाईन, असे त्यांनी मला सांगितले. तिथे आंधळ्यांना वेताच्या खुर्च्या विणायला शिकवतात म्हणे.

तुम्ही आला नाहीत हे मला खरे वाटत नाही. उलट टपाली लिहा. मला दुसरे काही सुचत नाही.

आपला,
मानसिंग

॥ श्री ॥

वडूज,
ता. १४ डिसेंबर १९४५

चि. मानसिंगभावजी यांस,

अ. उ. आ.

भावजी, तुमी सगळं लिवलंत, एकच लिवलं न्हाई.

काल आमी साताऱ्याला गेलो. मामंजी म्हनाले, तुमी दोघं बोला, मी हितं झाडाखाली बसतो, सुनेचं बोलनं सासऱ्यानं ऐकू नये. मी एकटीच खिडकीवर गेले. सांगली म्हनाले, मग सदतीस म्हनाले. नावाचा कॉल म्हनाले. बाबू म्हनाला, बरं बाई, नाव सांगा.

आवं, त्यांचं नाव मी कसं घेनार?

मी म्हनाले, मानसिंगभावजींचे दादा. बाबू म्हनाला, सांगलीत दादा गल्लोगल्ली हायत. मी म्हनाले, वडूजचे, फौजेतले. तो म्हनाला, बाई, नाव पायजे, ते लिवल्याबिगार तार लागत न्हाई. मागं मानसं उभी, येकजन हसला. घरात आजपत्तुर कवा नाव घेतलं न्हाई, तिथं परक्या मानसांत जीभ वळंना. मामंजींना हाक मारून आनलं, त्यांनी नाव सांगितलं, तर बाबू म्हनाला, आता सांगलीची तार दुसऱ्यांनी धरली, लय वेळ लागंल. आन आमची मोटार सुटायची झाली. कागदावर लिवून द्यावं हे मला घरी चूल पेटवताना सुचलं. मंग तिथंच बसून रडले.

त्यांना सांगा, मी आले हुते. एवढं तुमच्या तोंडनं सांगितलं तरी चालंल.

माया तुटू देऊ नका.

शालू

॥ श्री ॥

सांगली,
ता. १८ डिसेंबर १९४५

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस,

शि. सा. न. वि. वि.

आपली पत्रे वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझ्यासारखा मूर्ख नाही. घरात सोळा वर्षे तुम्ही दादांना 'हे' आणि 'तुमचे दादा' म्हणताना ऐकले, आणि मी तुम्हांला नावाचा कॉल करायला सांगितला.

तुमचे पत्र दादांना वाचून दाखवले. ते हसतील असे वाटले होते, पण हसले नाहीत. म्हणाले, मानसिंग, ते चुलीपाशी काय लिहिले आहे, तेवढे पुन्हा वाच. वाचले. नाशिकचे मात्र अजून सोडलेले नाही. पण म्हणाले, एकदा येऊ दे तिचा फोन, मग बघू.

आता नंबराचाच कॉल सांगा. नाव विचारले तर म्हणावे, नाव नको, नंबर पुरे. दादा फोनशेजारीच बसतील आणि दुसरे कुणीही फोनला हात लावणार नाही, हे विष्णुपंतांनी सगळ्यांना बजावले आहे. बुधवारी सव्वीस तारखेला, पेठ जेवायला उठते त्या वेळी. मी या वेळी सगळे तपासले आहे. तरी भीती वाटतेच.

माया कमी करू नका. चूक माझी होती.

आपला,
मानसिंग

॥ श्री ॥

सांगली,
ता. २७ डिसेंबर १९४५

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस,

शि. सा. न. वि. वि.

मी काल काय ऐकले ते लिहितो, आणि काय ऐकले नाही ते तुम्ही लिहा.

घंटा वाजल्यावर मी रीतीप्रमाणे अंगणात गेलो. पण दादांचा आवाज अंगणातही यायचा राहत नाही. तारेवर खरखर फार असावी. ते फौजेतल्यासारखे दरडावून विचारू लागले, कौन बोल रहा है, नाम बताओ. मी आत धावणार होतो. ते पुन्हा म्हणाले, कुणाशी बोलायचे आहे ते नाव सांगितल्याशिवाय इथे बोलणे होत नाही. पलटणीत त्यांचा तसा कायदाच होता म्हणे. वहिनी, मी सगळे नियम तुम्हांला लिहिले, पण दादांना एकही समजावला नव्हता.

मग एकदम शांत झाले. मी दाराच्या फटीतून पाहिले, हे माझे चुकले. दादांचा एक हात फेट्याकडे गेला आणि तो त्यांनी सारखा केला, जणू कुणी समोर येऊन उभे होते. त्यानंतर ते फार हळू बोलले, ते मला ऐकू आले नाही. वेळ संपल्यावरही फोन कानालाच होता. मी तो काढून जाग्यावर ठेवला.

काय बोलणे झाले विचारले तर म्हणाले, तुझे लग्न होऊ दे, मग कळेल. थोड्या वेळाने म्हणाले, माझी पेटी कुठे आहे? नाशिकला पोचवायची का म्हणून विचारले, तर माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. दिसत नाही तरी नेम चुकला नाही.

शपथ त्यांनी मागे घेतली आहे. मी त्यांना घेऊन संक्रांतीच्या आधी येतो. वाटेत हात धरू देतील का, याची काळजी आहे.

हुरडा राखून ठेवा, आणि माझ्यासाठी थोडी माया.

आपला,
मानसिंग

॥ श्री ॥

वडूज,
ता. २० जानेवारी १९४६

चि. मानसिंगभावजी यांस,

शालूचे अ. उ. आ.

तुमी सांगलीला सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. जाताना तीनदा इचारलंत, तरी मी सांगितलं न्हाई. समोर सांगायला लाज वाटती, म्हनून लिवते. हे पत्र विष्णुपंतांना दावू नका.

तारेवर नुसती खरखर आन त्यांचा दरडावल्यासारखा आवाज. मी म्हनाले, मी हाय. ते म्हनाले, मी कोन? मी म्हनाले, वडूजची. ते म्हनाले, कुनाशी बोलायचं हाय त्येचं नाव बोला. वेळ तर चाललेला. मागं मानसं तशीच उभी. तवा मला आमच्या लग्नातली पंगत आठवली. घास देताना बायका अडवून बसल्या हुत्या, आन मी खाली मान घालून नाव घेतलं हुतं. ते येकदाच. म्हनलं, तसंच घेते. डोळं मिटलं, आन आलं ते म्हनलं:

साताऱ्याहून सांगलीला तार गेली लांब,
हंबीरराव हायती माझ्या घराचा खांब.

बाबूनं लिवायचं थांबवलं. तारेवर निस्ती खरखर. मंग ते म्हनाले, शालू, खांबाला दिसत न्हाई आता. मी म्हनाले, खांबाला कवा डोळं असत्यात? तो जाग्यावर असला म्हंजे झालं. त्यांनी इचारलं, शाळूला हुरडा आलाय का? आलाय म्हनाले. तेवढ्यात बाबूनं वेळ संपला म्हनून सांगितलं.

एवढंच बोलनं झालं, भावजी. इतकी पत्रं लिवली, त्यात हे बसलं नसतं.

ते आता बरे हायत. वेशीपासून तुमी हात धरलात, तो त्यांनी शेवटी वाटेतच सोडवून घेतला, हे मी बघितलंय. आता मामंजींनी घरापासनं विहिरीपत्तुर सोल, मोटेचा जाड दोर, बांधलाय, त्येला धरून मळ्यात जात्यात. सांजेला मी आले की बांगड्या ऐकून मुद्दाम दरडावत्यात, कोन हाय, नाव बोला. मामंजी खोकून आत जात्यात. मी काई नाव घेत न्हाई. सारखं मागितलं की त्येची किंमत जाती, आसं मी सांगितलंय.

काल दोपारी मी चुलीपुढं हुते. भाकरी तव्यावर हुती. बांधावरनं त्यांची हाक आली, पैल्यासारखीच, ओढा ओलांडून. गाव न्हाई, नंबर न्हाई. भाकरी करपली ती करपली, मी दुरडी उचलून निघाले.

माया ठेवा. आन शिमग्याला या.

तुमची वहिनी,
शालू