पोचवायला आलेली माणसं

उलवे, रविवार

तीर्थरूप गोजराआत्यास दिलीपचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे होतो, तुमच्या खोऱ्यात रस्ता होईपर्यंत. तुझे गुडघे, शेळ्या आणि (मुख्य म्हणजे) उजवा डोळा कसा आहे ते कळव. फोनवर डोळ्याचं नाव काढलं की तुला लगेच आवाज येईनासा होतो, म्हणून पत्र लिहितोय. रुतिका, तू गोटीरामची शहाणी सून आहेस, आत्याला मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

आत्या, शिबिरातले डॉक्टर जे म्हणाले ते तुझ्यासमोरच म्हणाले. डावा गेला, उजव्याचा मोतीबिंदू पावसाआधी काढला तर तो वाचेल. इतकी वर्षं तू 'रस्ता झाला की येईन' म्हणत होतीस. झाला की! चांगला डांबरी झाला! मी बेलापूरच्या डॉक्टरांची तारीख घेतली, जीप पाठवली. आणि जीपमधून उतरला कोण, तर गोटीराम. तुझ्या जागेवर तू त्याला बसवलंस. का, तर "त्याची दाढ ठणकतीय, माझा डोळा काय पळून चाललाय?" धन्य आहे तुझी!

बरं, एकटा आला असता तर मी गप्प बसलो असतो. पण गाव सोडणाऱ्याला खिंडीपर्यंत पोचवायला जायची आपली रीत. पूर्वी खिंडीत दम लागायचा, माणसं आपोआप परतायची. आता चढण जीप चढते, मग परतायचं कुठून? नऊ माणसं गोटीरामला पोचवायला थेट उलव्यात, माझ्या सातव्या मजल्यावर! गेटवरच्या वहीत 'येण्याचं कारण' म्हणून नऊ जणांनी ओळीने 'पोचवायला' लिहिलं. वॉचमनला वाटलं, सामान पोचवणारे. आमच्या सोसायटीत डिलिव्हरीवाल्यांना लिफ्ट बंद (सेक्रेटरीचं डोकं, दुसरं काय), म्हणून त्याने सगळ्यांना जिन्याने पिटाळलं. संध्याकाळी मला नोटीस, की फ्लॅटमधून कसला धंदा चालवता? आपली माणसं मात्र खूश. जिना चढताना खिंडीची आठवण आली म्हणे.

दुसऱ्या खेपेला पुतळाबाई. तिला काय होत होतं? काही नाही! तिला विमान बघायचं होतं. दोन दिवस गॅलरीत उभी राहून ती प्रत्येक विमान दिसेनासं होईपर्यंत हात हलवत होती, कारण जाणाऱ्याकडे पाठ फिरवू नये. शेवटी नंदिनीने (माझीच बायको, पण बाजू तुमची घेते) तिला ताट गॅलरीतच नेऊन दिलं. आणि काल तिसऱ्या खेपेला जीपमधून फणस उतरले. नुसते फणस! आत्या, मी आता फणसाचा मोतीबिंदू काढून आणू का?

चिडतोय, कारण मला भीती वाटते. आई गेल्यावर तूच मला लहानाचं मोठं केलंस. उद्या तू मला नुसत्या आवाजावरून ओळखायला लागलीस, तर मला ते सहन होणार नाही. डॉक्टरांनी शुक्रवारची तारीख दिलीय, आणि आता ही शेवटची असं बजावलंय. हात जोडतो, या खेपेला जीपमध्ये तू बस.

तुझाच,
दिलीप

ता. क. नंदिनीने पत्र वाचलं आणि एवढंच विचारलं, "तीनदा जीप पाठवलीत, एकदा तरी स्वतः बसून गेलात का?" रस्ता झाल्यापासून मी एकदाही आलेलो नाही. गुरुवारी येतोय. तुझा हात धरूनच परत निघेन.

ता. क. २. हे नंदिनीने वाचलेलं नाही. त्या घाटाला बावीस वळणं आहेत म्हणे. मला गाडी लागते, हे तिला अजून ठाऊक नाही. ऑफिसातून रजा मिळत नाही असंच मी तिला सांगत आलोय. लिंबू कापून ठेव आणि ओसरीवर गोधडी घाल, उतरल्या उतरल्या मी आडवा होणार. रुतिका, एवढं मनातल्या मनात वाच.