मध्ये कोणी नको

१२ मार्च

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

काल, अकरा मार्चला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी वाहन-नोंदणीच्या चार नंबरच्या खिडकीवर माझा अपमान झाला, आणि त्याला तू जबाबदार आहेस.

मी जुनी निळी गाडी घेतली, हे तुला कळवलंच होतं. परवाना हातात, विमा झालेला, राहिली फक्त नोंदणी. इथे माझ्यासारख्या परदेशी माणसाला त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागतो. आमच्याकडे विजेचं बिल मुलाच्या नावावर, फोन सुनेच्या. कारकून म्हणाला, तुमच्या नावाने टपालाने आलेली दोन पत्रं असली तरी चालतील. मी ऐटीत तुझ्या अकरा पत्रांचा गठ्ठा काढला. त्याने पाकिटं उलटसुलट पाहिली आणि विचारलं, की नावाखाली 'द्वारा' म्हणून हे गृहस्थ कोण? म्हटलं, माझा मुलगा. तर म्हणे, मग तुम्ही तिथे पाहुण्या आहात! दोन वर्षं त्या घरातले मोजे मी जोड्या लावून ठेवते, आणि पाहुणी? आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगत, वाद घालताना आवाज चढवू नये, भुवई चढवावी. मी दोन्ही चढवले. उपयोग शून्य.

तात्पुरती नंबरप्लेट एकतीस मेला संपते. तोवर नोंदणी झाली नाही तर सौदा रद्द, गाडी मूळ मालकिणीच्या दारात, आणि मी पुन्हा मुलाच्या मागच्या सीटवर, भाजीच्या पिशव्यांशेजारी. साधं ग्रंथालयात जायचं तरी त्याच्या शनिवारची वाट पाहायची. तो म्हणतो, आई, मी आहे ना. तो आहे, हीच तर अडचण आहे!

दोन पत्रं धाड. द्वाराशिवाय.

तुझी ताई

२८ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून ही इतकी हसली की चहा उतू गेला. पण माझा दोष काय? तू सासरी गेलीस तेव्हा बाबांनीच बजावलं, पाकिटावर 'द्वारा मामंजी' लिहायचं. पुढे 'द्वारा भाऊजी' झालं, आता 'द्वारा भाचेबुवा'. पंचेचाळीस वर्षांची हाताची सवय.

बाबांची स्कूटर तू दवाखान्याच्या पायऱ्यांवर चढवली होतीस, हे भाच्याला ठाऊक आहे का? मी गप्प आहे.

हुकमाप्रमाणे दोन वेगळी पाकिटं, स्वतः पत्ता घालून पाठवतो आहे.

तुझा, बाळ्या

१२ एप्रिल

चि. बाळ्यास (आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत),

आज सकाळी साडेनऊला तुझी दोन्ही पाकिटं पोचली. दोन्हींवर, ठसठशीत अक्षरात, 'द्वारा'! पस्तीस वर्षं पोस्टमास्तर होतास ना रे? गावाला पत्रं मिळत होती, हे नवलच.

संतापून मी ती मुलापुढे टाकली. तुझं पत्र त्याने वाचलं. मामंजी, भाऊजी, भाचेबुवा या ओळीशी बराच वेळ थांबला. मग स्कूटरच्या गोष्टीवर खो खो हसला, घरभेद्या! पण हसून झाल्यावर उठला आणि दारातल्या टपालपेटीवर स्वतःच्या नावाखाली माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवून आला. एक पत्र तो कोपऱ्यावरच्या पेटीतून मला टाकणार आहे. संध्याकाळी शेजारी बसून त्याने मला गाडी मागे घ्यायला लावली. कुंडी एकच फुटली.

दुसरं पत्र मात्र तुझ्याच हातचं हवं. बाबांनी लावलेली सवय तूच मोड. पाकिटावर माझं नाव, त्याखाली घर नंबर. मध्ये कोणी नको. वीस मे, दुपारी चारच्या आत तुझं लेखी उत्तर इथे पोचलंच पाहिजे. लोभ आहेच, तो वाढवायचा की आटवायचा, ते पाकीट बघून ठरवीन.

तुझी ताई
(द्वारा कोणी नाही)