आप्पांची केसर आणि गूळ-हरभरे

नागाव, माघ वद्य तृतीया

तीर्थरूप मामांच्या चरणी राहीचा साष्टांग नमस्कार. इन्सुलिनची सुई वेळेवर टोचून घेता ना? चोरून श्रीखंड खात नाही ना? (मामीने आईला सगळं लिहिलंय, तेव्हा नाही म्हणू नका.) इकडे आम्ही खुशाल. फक्त केसरचे फार हाल झाले. केसर म्हणजे आप्पांनी दिवाळीत घेतलेली घोडी.

यंदा समुद्रावरची गाड्यांची शर्यत मारायचीच, असं आप्पांच्या डोक्यात बसलं. शेजारचे भागोजीकाका म्हणाले, ताकद हवी तर गूळ-हरभरे चारा. झालं! सकाळी गूळ-हरभरे, दुपारी उरलेला भात, संध्याकाळी पुन्हा गूळ. शिवाय येताजाता मी नारळाच्या वड्या द्यायचे (हे आप्पांना कळवू नका). तिची मान अशी टणक फुगली की आप्पा ती पाहुण्यांना दाबून बघायला लावत.

शर्यतीच्या सकाळी इशारा झाला, बाकीच्या गाड्या सुटल्या, आणि केसर पुढचे पाय पुढे टाकून, सगळा भार मागे घेऊन उभीच. भागोजीकाका लगाम ओढताहेत, आणि आप्पा लोकांना हात करताहेत! (फेटा डोळ्यांवर आल्यामुळे गाडी सुटली असंच त्यांना वाटत होतं.) मी पोट धरून हसले, मामा. पण खुराला हात लावला तर तव्यासारखा तापलेला. कुणी म्हणालं, ही गेली, गोळी घाला. मग मात्र मला रडू आवरेना.

अलिबागेहून गुरांचे डॉक्टर सायकलवर आले. आप्पांनी अभिमानाने खुराक सांगितला. "हे घोडीचं खाणं की बारशाचं जेवण?" डॉक्टर म्हणाले. गोडाने, दाण्याने रक्तात साखर चढते, ती आवरायला अंग इन्सुलिन सोडतं; सारखंच सोडावं लागलं की ते पायांवर उठत असावं (हा त्यांचा अंदाज, पुस्तकात नाही म्हणे). मी म्हटलं, "मग मामांची सुई मागवू?"

"नको हो! मामांना ते कमी पडतं, हिला बहुधा जास्त झालंय." मग तिच्या ओठांवरचा चुरा बघून विचारलं, "वड्या कुणी चारल्या?"

"मी."

"उरल्यात?"

त्यांनीच दोन खाल्ल्या.

गूळ, हरभरे, भात बंद. भिजवून निथळलेलं गवत तेवढं सुरू. रोज दोन वेळा तिला गार समुद्रात उभी करायची. तीन आठवडे मी तिच्याबरोबर गुडघाभर पाण्यात होते. दर रविवारी डॉक्टरही विजार दुमडून पाण्यात. आता ती चालते, मानही मऊ झाली. मामीला नमस्कार.

तुमची भाची,
राही

ता. क. डॉक्टरांचं नाव सदाशिवराव. आपल्यातलेच आहेत, आईने चौकशी केली. त्यांनी मला विचारलंय आणि मी हो म्हटलंय. आप्पा म्हणतात, ढोरांच्या डॉक्टरला मुलगी देणार नाही. ते फक्त तुमचं ऐकतात. पहिल्या बोटीने या.

ता. क. दुसरा. खरंच लवकर या. केसर पंधरा दिवसांपूर्वीच ठणठणीत झाली. रविवारपुरतं लंगडायला मी तिला शिकवलंय. काल ती भलत्याच पायाने लंगडली, आणि डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्याने आणखी चार रविवार सांगितले.