न दुखणारी गाठ

८ नोव्हेंबर, शनिवार
आज चुलीवर पुन्हा हळद आणि एरंडेल. शेळीच्या कासेत दूध गोठलं की आमच्याकडे हाच लेप. मी एस.टी.तला रिटायर कंडक्टर, शेळ्या सगळ्या कौसाच्या. बायकोच्या त्या खात्यात मी सहसा तोंड घालत नाही. तरी विचारलं, कोणती आजारी आहे?
म्हणाली, "शेळी न्हाई. मीच."
डाव्या छातीत गाठ. पोळ्यापासून लेप चालू. दुखत नाही म्हणून गप्प. शेळ्यांचा अनुभव तिला असा, की गरम, दुखरी गाठ वाईट. थंड आणि न दुखणारी म्हणजे जुनं दूध, हळूहळू जिरतं. शेवटचं लेकरू पाजून किती वर्षं झाली, विचारलं तर म्हणे ऱ्हातं कधीकधी.
लय राग आला. कोणावर काढावा कळेना. गोठ्यातला उकिरडा उपसून काढला.

९ नोव्हें., रवि.
वैशालीला फोन. लेक परभणीला दिलेली. आधी रडली, मग मलाच दरडावलं, उद्याच्या पॅसेंजरने आईला घेऊन या. कौ. ऐकेना. तीन शेळ्या व्यायला झाल्यात, त्यांना सोडून कसं यायचं? शेवटी शेजारच्या गयाबाईवर सोपवल्या. सूचना इतक्या, की गयाबाई म्हणाली, मी काय पहिल्यांदा शेळी पाहायलेय का.

१० नोव्हें., सोम. परभणी
चुडाव्याहून पॅसेंजर. उशिरा आली, पण आली.
डॉक्टरीणबाई वैशालीच्या वयाच्या. मी बाहेर बाकावर. थोड्या वेळाने कौ.नेच आत बोलावून घेतलं. प्रश्न चाललेले: पाळी कधी आली, कधी गेली, लेकरं किती, माहेरी कोणाला असं झालं होतं का. तिची थोरली मावशी छातीच्या गाठीनेच गेली, हे मला आज कळलं. त्या घरात ते कोणी बोलतच नव्हतं.
कौ. चिडली. तिन्ही लेकरं दोन-दोन वर्षं अंगावर पाजली, मग मलाच का? बाई शांत. पाजल्याने धोका कमी होतो, संपत नाही. वाढतं वय, रक्ताचं नातं, अशी काही कारणं. पुष्कळ जणींना तर कारण सापडतच नाही. तुमचं काही चुकलं नाही, लेपानेही झालं नाही. फक्त लेपाने ती जाणार नाही. आणि दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढायची नसते, अशीच बरेचदा दगा देते.
छातीचा फोटो झाला, सोनोग्राफी झाली, काखेतही पाहिलं. सुईने तुकडा काढून तपासायला.

१३ नोव्हें., गुरु.
गयाबाई सांगून गेली, सुई टोचली की ते अंगभर पसरतं. कौ. दिवसभर जेवली नाही. डॉक्टरीणबाईंना फोन लावून तिच्या कानाला दिला. तसं काही होत नाही, म्हणाल्या. अर्धी भाकर खाल्ली.

१९ नोव्हें., बुध. परभणी
कॅन्सरच.
बाईंनी कागदावर चित्र काढलं. गाठ मध्यम, काखेत एक अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, आलेलं, पुढे कुठे गेलेलं दिसत नाही. दुसरी स्टेज. आमच्या एस.टी.तही तिकीट टप्प्याने. मी मनात म्हटलं, चला, गाडी अजून तालुक्यातच आहे.
आधी ऑपरेशन, नांदेडला. गाठ अशा जागी आहे, की डावी छाती सगळी काढावी लागेल. काढलेलं तपासून मग ठरेल, कीमो किती, मशीनचा शेक द्यायचा का, पुढे गोळ्या कोणत्या. ह्या स्टेजला बऱ्या होणाऱ्या पुष्कळ असतात, पण थांबायचं नाही.
"सगळी" म्हटल्यावर कौ. उठून बाहेर गेली. चप्पल खोलीतच राहिली. मी घेऊन गेलो.

२२ नोव्हें., शनि.
नाही म्हणते. शेळ्या विऊ द्या. मग, हरभऱ्याचं खुरपण होऊ द्या. मग, थंडी सरू द्या. वैशाली फोनवर रडून थकली. मला भीती वाटते. इथे लिहितो, तिच्यापुढे दाखवत नाही.

२३ नोव्हें., रवि.
संध्याकाळी गोठ्यात होती. मी पाल्याची पेंढी घेऊन गेलो. माझ्याकडे न बघता बोलली.
"एका सडाची शेळी बाजारात कोन घेतं? तुमीच सांगा."
पूर्णेच्या बाजारात मी तिच्यासोबत उभा राहिलोय. गिऱ्हाईक आधी कासेलाच हात लावतं, सड गेलेला असला की मान हलवून पुढे. म्हणजे एवढे दिवस हे चाललं होतं पोटात. शेळ्यांचं बाळंतपण नाही अन् हरभरा नाही.
म्हणालो, "मला काय तुला बाजारात न्यायचंय?"
तिने पेंढी सोडली, शेळ्यांना टाकली. मला वाटलं, वाकडंच बोललो. हात झाडून बाहेर आली तेव्हा म्हणाली, "इचारा मग बाईला. नांदेडला कधी जायचं."

२ डिसेंबर, मंगळ. नांदेड
झालं ऑपरेशन. काखेतली अवधाणंही काढली, सगळं तपासायला गेलं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न शेळ्यांचा. दुसरा वैशालीला, तू दाखवलं का? बाईंनी लेकीलाही तपासून घ्यायला सांगितलंय, ती टाळायलीय. कौ.ने पडल्या पडल्या तिला झापलं. बरं वाटलं मला.

७ डिसें., रवि. घरी
दोन शेळ्या व्याल्या. जखमेला लावलेली नळी-बाटली सांभाळत कौ. आधी करडं बघायला.
ब्लाउज चढत नाही. माझा जुना खाकी शर्ट घालते, पुढून गुंड्या म्हणून. वैशालीने पट्टी बदलली, मला दाराबाहेर. वैशाली उद्या जाणार. मग पट्टी कोण बदलणार, विचारलं तर म्हणे गयाबाई.

११ डिसें., गुरु.
नळी काढली. हाताचा व्यायाम सांगितलाय, बोटं भिंतीवरून वर चढवत न्यायची. चेहरा वाकडा करते, पण करते. पट्टीला गयाबाईच. मी अंगणात. वाईट वाटतं. इतक्या वर्षांच्या माणसाला बाहेर बसवलंय.

१४ डिसें., रवि.
रिपोर्ट बुधवारी.
गयाबाई लग्नाला गेली. कौ.चं डोकं खाजायलं, हात वर जाईना. बऱ्याच वेळाने हाक, या जरा. बाजेवर आडवी, केस बाजेच्या कडेवरून खाली, बादलीत. मी शिकेकाई कालवली. शर्टाची कॉलर ओली व्हायला लागली. तिने थोडं थांबून स्वतःच गुंड्या सोडल्या.
पाहिलं. सपाट, आडवी शिवण. मला वाटलं होतं, मी नजर वळवीन. नाही वळवली. जीव एकदम भरून आला, हिला किती सोसावं लागलं म्हणून. बाकी काही नाही. कौसाच होती.
ती माझं तोंड बघत होती. मग डोळे मिटून घेतले.
"कीमो लागली तर केस जातेत म्हने."
मी म्हणालो, रिपोर्ट तर येऊ दे, बघू.
"बघू मग. आज मात्र नीट धुवा."
शिकेकाई पुन्हा लावली.