नवव्या मजल्यावरचं मोहोळ

खारघर, ३ मार्च

ती. आत्यास, प्रितमचा सप्रेम जय भीम. वि. वि.

आमच्या सोसायटीतल्या पर्यावरण मंडळाने पृथ्वीसाठी मोबाइलचा उपास सांगितलाय, म्हणून हे पत्र. कॉलेज का सोडलं म्हणून आई रोज डोकं खाते. तिला सांग, पृथ्वी मरतेय आणि मी अकाउंट्सचे पेपर देत बसू?

दर रविवारी क्लबहाउसमध्ये आमची बैठक असते. माणूस, झाड, किडा, सगळं एकच शरीर, हा विषय. डास येतात म्हणून खिडक्या बंद, एसी फुल्ल. परवा प्रत्येकाने एकेक जीव होऊन बोलायचं होतं. मी खाडीतला खेकडा झालो, कुणी ढुंकून बघितलं नाही. ईश्वरी मधमाशी झाली. माझं घर मोडू नका म्हणाली आणि अख्खा हॉल रडला. आत्या, मी तर तिथेच संपलो!

आणि योग बघ, तिच्याच गॅलरीत, नवव्या मजल्यावर, मोहोळ लागलंय. पुढच्या शनिवारी पेस्ट कंट्रोलवाले येणार. तिच्या बापाचंच काम, दुसरं कुणाचं! मी आडवा पडणार. मग तिला मनातलं सांगणार.

आशीर्वाद दे, बाकी मी बघतो.
तुझा प्रितम

कोपरखैरणे, ८ मार्च

चि. प्रितम यास अनेक आशीर्वाद.

‘हे आहे म्हणून ते आहे’ हे विहारात लहानपणीच तुझ्या कानावर घातलं होतं. तेव्हा तू माझ्या मांडीवर घोरायचास. आता एसीत ऐकून रडू येतं, चांगलंय. पृथ्वीचं दुखणं खरं आहे रे, पण तुझ्या अकाउंट्सने ती दगावली नसती. आईला मी काही समजावणार नाही.

आडवा पडण्याआधी त्या पोरीला एकदा विचार, मोहोळ तिला हवंय का. न विचारता कुणाची बाजू घेऊ नये, माशीचीसुद्धा.

एखाद्या रविवारी ये, खेकड्याचं कालवण करते. तू त्यांच्यातला झालास म्हणून मी खायचं सोडणार नाही.

जपून राहा, रागावू नकोस.
तुझी संघमित्रा आत्या

खारघर, १६ मार्च

ती. आत्यास सप्रेम जय भीम.

नाही विचारलं.

मंडळातला म्हटल्यावर तिच्या बाबांनी आत घेतलं. गॅलरीत हात पसरून मधमाशी होऊन बोललो. पेस्ट कंट्रोलवाले गप्प उभे राहिले, माश्या नाही राहिल्या. मागे पळालो तर काचेचं दार आतून बंद. कडी ईश्वरीने लावलेली! पेस्ट कंट्रोलला फोनही तिनेच केला होता. बाबा तर मोहोळ राहू दे म्हणत होते.

मग त्यांनीच मला आत ओढलं. बर्फ देताना ती म्हणाली, मधमाशी रविवारपुरती होती. आणि विचारलं, मंडळात मी नेमका कुठे बसतो.

तुझं खरंय, हे आहे म्हणून ते आहे. मोहोळ होतं म्हणून मी तिच्या घरात होतो. आता मोहोळ नाही.

येत्या रविवारी कालवणाला येतो. खेकडाही रविवारपुरताच होता.

तोंड सुजलंय, आवाजावरून ओळख. लोभ तेवढा कमी करू नकोस.
तुझा प्रितम